किड्यांचं कापड

३ फेब्रुवारी १९९०, वादी अस्सीर

दोन वह्या आणल्या. मोठी जाड पुठ्ठ्याची आहे, तिच्यात आमचं घराणं कॉकेशसच्या डोंगरातून इथे अम्मानच्या कुशीत, या वादीत, कसं येऊन पडलं ते लिहायचं. ही लहान वही, मोठी वही लिहिताना जी चिडचिड होणार आहे तिच्यासाठी.

चाळीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशाला सूची लागतेच, म्हणून आधी सूची. मी मुयस्सर, वय सहासष्ट. मास्तर, म्हणजे माझे यजमान, गेले तेव्हा मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरच्या घरी परत आले. खालच्या खोलीत नुरीये काकू, माझ्या थोरल्या काकांची बायको, वय चौऱ्याण्णव. वरच्या मजल्यावर तिचा नातू इनाल. तो रशियात इंजिनीअर होऊन आला, मला आत्या म्हणतो. त्याची बायको लमीस सॉल्ट गावची अरब मुलगी, आमच्यात येऊन चार वर्षं झाली, जिभेला हाड नाही.

मला हवी आहे आजी, बाबांची आई. दोनदा देशोधडीला लागली ती. पाच वर्षांची असताना काळ्या समुद्रावरून, एकोणीस वर्षांची असताना बाल्कनातून. मी जन्मायच्या तीन वर्षं आधी गेली. मी चार वर्षांची असताना बाबा गेले, काका त्याआधीच. तिला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलंय, नुरीये काकू. तिचा श्वास जिना न चढताही लागतो. म्हणून घाई.

७ फेब्रुवारी

पहिली बैठक. काकू पलंगावर, मी खुर्चीत, मध्ये हलिव्यांची ताटली. चीज भरलेलं ते गरम तळण हातात असलं की काकू बोलते, संपलं की झोपते. त्यामुळे इतिहास लमीसच्या कढईच्या वेगाने पुढे सरकतोय.

काकूने सांगितलं ते असं. जहाजात माणसं इतकी दाटीवाटीने कोंबलेली की आजीच्या बापाने पाळण्याचा पट्टा काढून तिला स्वतःच्या पोटाशी बांधलं. अकरा दिवस ती तशीच बांधलेली होती. उतरल्यावर पट्टा सोडला तर तिला उभंच राहता येईना.

"आणि भाऊ होता एक," काकू म्हणाली. "रीतीप्रमाणे दुसऱ्याच्या घरी वाढायला दिलेला. डोंगरात होता. निरोप पोचेपर्यंत जहाज सुटलं."

हे मी लिहून घेतलं, पण वादीतल्या प्रत्येक घरात एक मागे राहिलेला मुलगा असतोच. पुरावा काही नाही.

मग इनाल आला आणि बोलता बोलता म्हणाला, "म्हणजे पशीमाफ पणजोबांना ती बाल्कनात भेटली." झालं! काकूने काठी धरली आणि कण्हत उभी राहिली. सासऱ्याचं नाव कानावर पडलं की सुनेने उठून उभं राहायचं, ही आमची जुनी रीत. सासरा जाऊन सत्तर वर्षं झाली, काकूच्या गुडघ्यांत वंगण उरलेलं नाही, पण उठते म्हणजे उठते.

"बस गं बाई," मी म्हटलं. "अरे गाढवा, किती वेळा सांगितलं, तिच्यासमोर ते नाव घ्यायचं नाही!"

आजीचं नाव मात्र मी दहा वेळा घेतलं, गोशफिझ, गोशफिझ, तरी काकू खुशाल हलिवे खात बसली. सासूशी तिचं फारसं पटत नसावं. हे मोठ्या वहीत लिहिणार नाही.

१२ फेब्रुवारी

आज पेटी उघडली. आजीची एकच वस्तू राहिली आहे, लाल रेशमी रुमाल, घडीवर विरलेला.

"ते किड्यांचं कापड जपून काढ," काकू ओरडली.

आमच्या घरातला हा जुना विनोद. काकू रेशमाला रेशीम म्हणत नाही, किड्यांचं कापड म्हणते. लहानपणी आम्ही मुद्दाम विचारायचो, काकू, हे कसलं कापड? आणि हसून लोळायचो. लमीस म्हणाली, "आजी, इतका सुंदर रुमाल आणि किडे कसले आठवतात तुम्हाला?" काकू म्हणाली, "तू तुझं पीठ मळ."

काकूच्या पिढीच्या बायकांनी नाव न घेण्याचा केवढा बाऊ केला! नवऱ्याचं नाव नाही, सासूसासऱ्याचं नाही, दिराला नवीन टोपणनाव ठेवायचं. माझ्या बाबांना काकू जन्मभर "चपळ" म्हणत होती. आमच्या वेळी असलं काही राहिलं नव्हतं. मी शिकलेली, मास्तर तर गणिताचे. आम्ही दोघांनी असल्या गोष्टींना कधी थारा दिला नाही.

१९ फेब्रुवारी

इनाल आमच्या लोकांच्या संघटनेच्या कचेरीतून एक पत्र घेऊन आला. पत्र रशियातून, मायकोपजवळच्या एका खेड्यातून आलेलं. आता तिकडची दारं किलकिली झालीत, तर लोक एकमेकांना शोधू लागलेत. लिपी रशियन, भाषा आपली. इनालने वाचून दाखवलं, तो वाचत होता आणि मला अर्धंअधिक कळत होतं. आमची भाषा आमच्याच तोंडून अरबीने अर्धी खाल्ली आहे.

लिहिणारा आस्कर नावाचा म्हातारा, वय एक्क्याऐंशी. मजकूर थोडक्यात उतरवून ठेवते:

"माझे आजोबा नऊ वर्षांचे असताना दुसऱ्याच्या घरी वाढत होते. तिथून धावत किनाऱ्यावर आले तेव्हा जहाज निघून गेलं होतं. जहाजात आई, बाप आणि धाकटी बहीण दारिखान. दारी म्हणजे रेशीम हे तुम्हाला सांगायला नको. आजोबांनी आपल्या मुलीचं नाव दारिखान ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक पिढीत एक दारिखान असते. नाव हवेत राहिलं पाहिजे, असं ते म्हणत. तिच्या माहेरच्या कुळाच्या मुली तुमच्या वादीत दिल्या होत्या असं कळतं. माझी तब्येत बरी नाही. कुणाच्या घरात दारिखान आली होती का, एवढंच मला जाण्याआधी कळवा."

कुळ आजीचंच आहे. पण ते मोठं कुळ, त्यातल्या चार सुना वादीत होत्या. पत्र तीन घरी फिरून आमच्याकडे आलंय. तिन्ही घरांनी नाही म्हटलं.

काकूला दोन दिवस ताप आहे, ती झोपली होती. तिला उठवून विचारण्यासारखं काही नव्हतंही.

२५ फेब्रुवारी

आस्कर यांना उत्तर पाठवलं. इनाल म्हणत होता, "आत्या, थोडं थांबू या का? मागे राहिलेला भाऊ जुळतोय."

"मागे राहिलेला भाऊ सगळ्यांचाच जुळतो," मी म्हटलं. "नाव जुळत नाही. आजीचं नाव गोशफिझ, माझ्या आईने सांगितलेलं, काकूने सांगितलेलं. म्हाताऱ्याला खोटी आशा दाखवायची का?"

स्वच्छ लिहिलं: आमच्या घरात या नावाची कुणी आली नव्हती, क्षमस्व. इनालने ते रशियन अक्षरांत उतरवलं. टपालात टाकून आल्यावर मला वाईट वाटलं हे खरं. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणसाने कुणाला तरी शोधावं आणि मी त्याला नाही म्हणावं. पण मनासारखा नकाशा काढायचा म्हणून नदी वळवता येत नाही.

१४ मार्च

आज जे झालं ते नीट लिहिते.

बैठक चालू होती. काकू रंगात आली होती. वादीतले पहिले दिवस सांगत होती. आधीचा हिवाळा अम्मानच्या पडक्या रोमन नाट्यगृहाच्या कमानीखाली काढला, मग पाण्यासाठी इकडे आले, आजीने स्वतः बैलगाडी हाकली. "उन्हाने कातडी सोललेली," काकू म्हणाली, "आणि मुळातच काळी. चुलीच्या बुडासारखी काळी होती माझी सासू."

लमीस भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "पण आजी, गोशफिझ म्हणजे गोरी मालकीण ना? मला इनालने शिकवलंय. काळ्या मुलीचं नाव गोरी कोण ठेवतं?"

काकू हसू लागली. दात नाहीत, नुसत्या हिरड्या. "मी ठेवलं!" म्हणाली. "लग्न होऊन आले, पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातची लापशी कुत्र्याला घातली. म्हटलं, हिला खूश ठेवायचं तर काहीतरी गोड नाव दिलं पाहिजे. गोरी मालकीण म्हटलं आणि बाई विरघळली! मग मुयस्सर, तुझी आई सून होऊन आली, तिने माझं ऐकून तेच उचललं."

माझ्या हातातलं पेन पडलं.

"काकू, मग तिचं खरं नाव?"

हसू थांबलं. "ते मी कशी घेणार? सासू आहे माझी."

"अगं, तिला जाऊन एकोणसत्तर वर्षं झाली!"

"ती गेली. मी कुठे गेलेय?"

मग मी फार बोलले. म्हटलं, बाई दोन देश ओलांडून आली, बापाच्या पोटाशी बांधलेली आली, आणि तुमच्या या फाजील अदबीपायी तिचं नावसुद्धा जगातून पुसलं जाणार. तू गेलीस की संपलं. म्हटलं, तू तिला दुसऱ्यांदा पुरते आहेस. काकू भिंतीकडे तोंड करून पडली. लमीस माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. तिचं बरोबर होतं.

१५ मार्च

सकाळी चहा गाळताना आठवलं. पत्र! गोशफिझ जर नावच नव्हतं, तर मी त्या म्हाताऱ्याला काय म्हणून 'नाही' असं लिहिलं? गाळणं तसंच टाकून काकूच्या खोलीकडे धावले. एकच प्रश्न विचारायचा होता.

काकू जमिनीवर पडली होती. तोंड वाकडं झालेलं. डोळे उघडे होते.

२८ मार्च

तेरा दिवस इस्पितळात होतो. आज घरी आणली. उजवी बाजू लुळी, वाचा गेली. डॉक्टर म्हणाला, ऐकू येतं, कळतंही बहुतेक, पण बोलणं आता येईल असं धरून चालू नका.

तिच्याशी माझं शेवटचं बोलणं काय, तर तू तिला दुसऱ्यांदा पुरते आहेस. मी कुणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. रोज तिचं अंग पुसते, भरवते, आणि प्रत्येक वेळी माफी मागते. ती बघत राहते. तिला कळतं की नाही, मला कळत नाही.

मोठी वही कपाटात टाकून दिली.

३ एप्रिल

काकूच्या गालाला उशी खरखरीत लागत होती, म्हणून लमीसने उशीवर घालायला पेटीतला लाल रुमाल काढला. मी म्हटलं, "अगं, ते किड्यांचं कापड जपून..."



किड्यांचं कापड! रेशीम! दारी! शहात्तर वर्षं ही बाई रेशमाला रेशीम म्हणाली नाही. का म्हणाली नाही? सासूच्या नावात तो शब्द असेल तर सून तो शब्दसुद्धा तोंडात घेत नाही, एवढं तर मलाही माहीत होतं. आम्ही पोरं हसून लोळत होतो. माझ्यासमोर ती साठ वर्षं तेच सांगत होती, ज्या एका मार्गाने तिला सांगता येत होतं त्या मार्गाने. आणि मी, भूगोलाची बाई, खुणा वाचायला शिकवणारी!

लमीसला सांगितलं तर ती रडायलाच लागली. इनाल म्हणाला, "आत्या, लगेच तार करू या."

मी म्हटलं, थांब. हा माझा अंदाज आहे. एकदा मी खात्रीने नाही लिहून बसले, आता दुसऱ्यांदा खात्रीने हो लिहून चुकले तर? मागे तिने उत्तर दिलं नसतं, आता देऊ शकत नाही. पण तिला विचारल्याशिवाय मी लिहिणार नाही.

५ एप्रिल

सुट्टीचा शुक्रवार उद्या आहे, पण इनालने आजच रजा घेतली. दुपारी काकू जागी आणि शुद्धीत होती. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लमीस. इनाल पायथ्याशी उभा राहून आस्कर यांचं पत्र पहिल्यापासून वाचू लागला, आपल्या भाषेत, सावकाश.

दुसऱ्याच्या घरी वाढणारा मुलगा आला, काकू छताकडे बघत होती. किनारा आला, जहाज आलं, ती छताकडेच बघत होती. मला वाटलं, काही पोचत नाहीये.

"...जहाजात आई, बाप आणि धाकटी बहीण दारिखान," इनालने वाचलं.

काकूचा डावा हात हलला. पांघरुणाला धरून तिने ते बाजूला ओढलं. मला वाटलं तिला उकडतंय. मी परत घालायला गेले तर तिने माझा हात झटकला. मग डावा पाय पलंगावरून खाली आला. जमीन चाचपू लागला.

"आजी, पडाल!" लमीस ओरडली.

"तिला अडवू नकोस," मी म्हटलं. "धर. नुसती धर."

आम्ही दोघींनी काखेत हात घातले. वजन काहीच नव्हतं. उजवा पाय फरफटत आला. गुडघे थरथरत होते, मान एका बाजूला पडलेली, पण ती उभी राहिली. डोकं खाली घातलं, डावा हात सावरून पोटाशी घेतला, सासू खोलीत आल्यावर सुनेने उभं राहावं तशी. चौऱ्याण्णव वर्षांची सूनबाई.

इनाल वाचायचा थांबला होता. पत्र हातात तसंच.

"वाच," मी म्हटलं. "पुन्हा नाव घे."

"दारिखान," तो म्हणाला.

काकू उभीच होती. आम्ही बसवल्याशिवाय बसली नाही. निजवली तेव्हा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काकू, तू नाव घेतलं नाहीस हो. तुझी रीत मोडली नाही." तिने डोळे मिटले. मी तिच्या हातावर डोकं टेकलं आणि पोटभर रडले.

तारेचा मजकूर मी लिहिला, इनालने नेला: "माझं आधीचं पत्र चुकीचं. दारिखान आमच्या घरात आली होती. तिला तीन मुलगे झाले. आम्ही सगळे तिचे."

२१ एप्रिल

तिकडून उत्तर आलं. आस्कर हयात आहेत. तार त्यांच्या पणतीने पाठवली आहे, तिचं नाव दारिखान, वय सोळा. "पणजोबांनी तुमची तार तीनदा वाचून घेतली. मग मला हाक मारली. मी समोरच होते तरी मोठ्याने मारली."

तिकडे ते नाव रोज कुणीतरी हाक मारून जिवंत ठेवत होतं. इकडे आम्ही ते आदराने असं जपलं की सापडेना. दोन्हीकडे प्रेमच होतं. मी हे मोठ्या वहीत लिहिलं आणि मग खोडलं. शिक्षिकेसारखं वाटत होतं.

काकूच्या कानाशी जाऊन तार वाचायची तर तिला पुन्हा उठावं लागेल. म्हणून मी वाचताना "तुझी सासू" म्हटलं. ती ऐकत पडून राहिली. डाव्या बाजूने हसली, नक्की हसली.

११ मे

मोठी वही पूर्ण झाली. जिथे जिथे गोशफिझ होतं तिथे दारिखान केलं, आणि खाली लिहिलं: हिच्या थोरल्या सुनेने हिला गोरी मालकीण म्हटलं, नाव सुनेनेच जपलं.

शेवटच्या पानावर वंशवृक्ष आहे. आज जेवणानंतर इनाल आणि लमीस तो बघत बसले होते. इनालने बोट ठेवलं. "आत्या, सगळे रकाने भरलेत, तुझ्या शेजारचा, मास्तरांचा, तेवढा कोरा कसा?"

मी बघितलं. खरंच कोरा राहिला होता. कामाच्या गडबडीत राहून जातं.

"तूच भर," मी म्हटलं. "माझं पेन नीट चालत नाही हल्ली."

लमीसने माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला ओढणी लावून हसली. का हसली कोण जाणे. या मुलीला कशाचंही हसू येतं.

इनालने पेन घेतलं. पेन चांगलं चालत होतं. तो लिहिता लिहिता एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होता, आणि नाव पुरं होतंय न होतंय तोच मला शेगडीवरच्या दुधाची आठवण झाली, म्हणून मी उठून उभी राहिले.

स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर शेगडी बंद होती. दूध सकाळीच तापवून झालं होतं.